रोजचा पोशाख आणि घरच्यांची संमती

पोशाखाचा प्रश्न वरवर पाहता अगदी किरकोळ. अंग झाकले, ऊनपावसापासून बचाव झाला आणि चार लोकांत लाज राखली गेली, म्हणजे कपड्याचे काम संपले असे कोणीही म्हणेल. तथापि घरातील कर्ता मुलगा एके सकाळी पाटलोण खुंटीला तशीच ठेवून धोतर नेसून कचेरीस निघाला, किंवा पदवीधर मुलीने "यापुढे नऊवारीच नेसेन, आणि तीही सणापुरती नव्हे, रोज" असे जाहीर केले, की त्या घरात काय गडबड उडते ती पाहावी. ज्या आईबापांनी मुलाच्या परदेशगमनासाठी हौसेने कर्ज काढले असते, तेच आईबाप आजोबांच्या पोशाखाचे नाव काढताच अडून बसतात. आई डोळ्यांना पदर लावते आणि वडील वर्तमानपत्रामागे तोंड लपवितात. हा विरोध कशातून उपजतो, तो कितपत रास्त आहे, आणि घरातील गोडी न मोडता तो कसा दूर करता येईल, या तीन गोष्टींचा विचार येथे करावयाचा आहे.

विचारासाठी पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका घ्यावा. कारण जुना आणि नवा पोशाख इतक्या जवळजवळ नांदताना दुसरीकडे क्वचितच दिसेल. पौड हे या तालुक्याचे मुख्य ठिकाण. पूर्वेस हिंजवडीच्या संगणक-कचेऱ्यांचे काचेचे मजले, पश्चिमेस सह्याद्रीचा कडा आणि धो धो पाऊस, मधल्या खोऱ्यांत आंबेमोहोर भाताची खाचरे. या भागातील शेतकऱ्याचा जुना पोशाख म्हणजे गुडघ्यापर्यंत आखूड नेसलेले धोतर, कशांनी बांधलेली बंडी, डोईला मुंडासे किंवा पागोटे, पायांत जाड वहाणा आणि खांद्यावर घोंगडी. स्त्रिया काष्टा मारून नऊवारी लुगडे नेसत, आणि आवणीच्या दिवसांत ते गुडघ्यापर्यंत वर खोचून चिखलात उतरत. पाठीवर बांबूच्या कामट्या आणि पाने यांचे इरले असे. त्याखाली दोन्ही हात मोकळे राहत. या पोशाखातील एकही वस्तू शोभेसाठी आलेली नाही. देशी मेंढीच्या लोकरीची, सनगराने मागावर विणलेली आणि चिंचोक्यांच्या खळीने ताठ केलेली घोंगडी पावसात खोळ करून डोक्यावर घेतली म्हणजे छत्री होते, रात्री अंथरली म्हणजे बिछाना होतो, पांघरली म्हणजे दुलई होते, आणि बाजाराच्या दिवशी तिच्यातच जिन्नसही बांधता येतात.

हे वर्णन ऐकून एखाद्यास वाटेल, की अशी वस्तू फक्त सह्याद्रीतच असावी. परंतु सहस्रावधी कोसांवर, स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रांतात, हुबेहूब असाच प्रकार होता. तेथील डोंगरी माणूस चारपाच वार लांबीचे, चौकड्यांचे, लोकरीचे एकच वस्त्र घेई. त्याच्या चुण्या घालून कमरेस पट्टा आवळी. खालचा भाग गुडघ्यापर्यंत घागऱ्यासारखा लोंबे, आणि वरचा भाग खांद्यावर टाकता येई अथवा पावसात डोक्यावर ओढता येई. रात्री पट्टा सोडला की तेच पांघरूण. पुढे या वस्त्राचा वरचा भाग गळाला आणि शिवलेल्या चुण्यांचा खालचा भाग तेवढा उरला. त्यास आज किल्ट म्हणतात. पुऱ्या घेराच्या किल्टला सुमारे आठ वार कापड लागते. म्हणजे आपल्या नऊवारीहून एकच वार कमी. त्यास खिसा नसतो, म्हणून पुढे चामड्याची एक पिशवी लोंबत असते. मराठी माणसाने हीच अडचण कनवटीने आणि चंचीने भागविली. ओल्या डोंगरात गुरे राखणाऱ्या दोन जमातींना एकमेकींची वार्ताही नसताना एकाच गरजेने जवळजवळ एकच तोड सुचली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

स्कॉटलंडच्या या पोशाखाची पुढील हकीकत मोठी उद्बोधक आहे. १७४५ साली तेथील डोंगरी टोळ्यांनी इंग्लंडच्या राजाविरुद्ध बंड केले आणि पुढील वर्षी ते मोडले गेले. तेव्हा १७४६ मध्ये पार्लमेंटाने कायदा करून डोंगराळ प्रांतातील पुरुषांना व मुलांना हा पोशाख करण्याची बंदी केली. १७४७ च्या ऑगस्टपासून ती अमलात आली. पहिल्या अपराधास सहा महिने तुरुंग, दुसऱ्यास सात वर्षे समुद्रापार हद्दपारी. सरकारी पलटणींतील शिपायांस मात्र हाच पोशाख मुभेने घालता येई. १७८२ मध्ये कायदा रद्द झाला. मधल्या छत्तीस वर्षांत काय घडले होते? ज्या मुलाने बंदीच्या वर्षी जन्म घेतला तो आता स्वतः बाप झाला होता, आणि त्याने वडिलांना त्या वेषात कधी पाहिलेच नव्हते. बंदी उठली, पण रोजच्या वापरात पोशाख परत आला नाही. तो परत आला तो दरबारी थाटात. १८२२ साली चौथा जॉर्ज राजा एडिंबरोस गेला, तेव्हा कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट याने स्वागताची सर्व आखणी केली. राजाने स्वतः किल्ट चढविला, आणि उघडे पाय दिसू नयेत म्हणून आत अंगाच्या रंगाचे तंग विजारमोजे घातले. तेव्हापासून सरदारघराण्यांत या वेषाची चढाओढ लागली. प्रत्येक कुळाचा चौकडा निराळा आणि तो अनादि काळापासून ठरलेला, ही समजूतही पुष्कळशी एकोणिसाव्या शतकातच रूढ झाली. १८४२ साली या विषयावर जो जुना म्हणून ग्रंथ छापला गेला, तो बनावट असल्याचे पुढे विद्वानांनी दाखविले. आज स्कॉटलंडात लग्नात, पदवीदान-समारंभात, खेळांच्या जत्रेत किल्ट सर्रास दिसतो; मात्र सोमवारी सकाळी दुकानात किंवा कचेरीत तो घालून जाणारा विरळा. तसा कोणी निघाला, तर त्याच्याही घरी "आज कोणाचे लग्न?" हाच प्रश्न विचारला जातो.

हा प्रश्न मराठी घरांत आता ओळखीचा झाला आहे. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत, गणपतीच्या मिरवणुकीत, शाळेच्या संमेलनात नऊवारी आणि फेटे यांचा पूर लोटतो. शिवलेली नऊवारी दुकानात तयार मिळते. ती परकराप्रमाणे चढविली की झाले. फेटाही टोपीसारखा बांधून तयार मिळतो. यात वाईट काही नाही. परंतु वर्षातून दोन दिवस घातलेला पोशाख हा पोशाख न राहता सोंग होऊ लागतो, आणि मग तो तिसऱ्या दिवशी घालणारा मनुष्य बहुरूपी ठरतो. आईवडिलांची भीती नेमकी ही आहे. आपल्या मुलास लोक बहुरूपी म्हणतील, या कल्पनेने त्यांचा जीव थोडा होतो.

आता या भीतीची मुळे जरा खोल जाऊन पाहिली पाहिजेत. कारण तिची थट्टा करून ती जात नाही. मुळशीचेच उदाहरण घ्या. मुळा नदीवर टाटांच्या वीज-कंपनीचे धरण बांधण्याचे ठरले आणि खोऱ्यातील गावे पाण्याखाली जाणार हे दिसू लागले. तेव्हा १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे कार्यकर्ते त्यात होते, आणि पांडुरंग महादेव बापट यांना लोकांनी 'सेनापती' ही पदवी दिली ती याच लढ्यात. योगायोग असा, की हेच बापट १९०४ साली शिष्यवृत्ती मिळवून यंत्रविद्या शिकण्यास एडिंबरोस गेले होते, आणि ब्रिटिश अमलाविरुद्ध भाषण केल्यामुळे ती शिष्यवृत्ती त्यांनी गमावली होती. मुळशीचा लढा १९२४ सालापर्यंत चालला. धरण थांबले नाही. खाचरे बुडाली, आणि त्या पाण्यावर सह्याद्रीखाली भिरा येथे वीज निर्माण होऊ लागली. जमीन गेलेला माणूस मुंबईची वाट धरी. तेथे गिरणीच्या किंवा गोदीच्या दारात आखूड धोतर आणि घोंगडी ही त्याच्या अडाणीपणाची खूण ठरे. त्याने पोटाला चिमटा घेऊन मुलाला शाळेत घातले. मुलाच्या अंगावर पहिली पाटलोण चढली तो दिवस त्या घरात सणासारखा साजरा झाला. अशा बापापुढे नातू धोतर नेसून उभा राहतो, तेव्हा त्या म्हाताऱ्यास देशाभिमान दिसत नाही; ज्या दैन्यातून कष्टाने बाहेर पडलो, ते दैन्य पुन्हा उंबरठ्यावर आलेले दिसते.

दुसरे एक कारण याहूनही गंभीर आहे. आपल्याकडे वेष हा केवळ आवडीचा विषय कधीच नव्हता. कोणत्या जातीने काय नेसावे आणि किती लांब नेसावे, हे समाज ठरवीत असे. ज्यांना चांगले नेसण्याची मनाई होती त्यांना जुना पोशाख म्हणजे जुनी बेडी वाटणे स्वाभाविक आहे. १९२७ सालच्या डिसेंबरात महाडच्या परिषदेच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांना जातीची खूण सांगणारी लुगडे नेसण्याची जुनी तऱ्हा आणि जड दागिने टाकून देण्याचा उपदेश केला, आणि स्त्रियांनी तो मानला. स्वतः डॉक्टरांनी आयुष्यभर नीटनेटका पाश्चात्त्य पोशाख बाळगला. अशा परंपरेतील एखाद्या घरात वडील जर म्हणाले, "तो वेष आम्ही विचार करून टाकला," तर मुलाने तेथे वाद न घालता ऐकून घ्यावे. परंपरा सर्वांना सारखी सुखाची नसते.

या दोन कारणांच्या मानाने बाकीचे आक्षेप हलके आहेत. "देश तसा वेष" ही म्हण वडीलधारी मंडळी नेहमी पुढे करतात. परंतु मुळशीच्या देशात आषाढश्रावणात घोट्यापर्यंत लोंबणारी आणि भिजून जड होणारी पाटलोण सोयीची, की वर खोचता येणारे धोतर सोयीचे, याचे उत्तर त्या म्हणीतच आहे. "धोतर हा काही सोयीचा पोशाख नव्हे," हा आक्षेप धोतर नेसता न येणाऱ्याचा असतो. नेसणे साधले की त्याच वेषात माणसे डोंगर चढतात, विहीर खणतात आणि तालीम करतात. "आपल्या घरात कोणी असे करीत नाही," हा आक्षेप तर फार जुना. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत शिकलेल्या मुली काष्टा सोडून गोल पातळ नेसू लागल्या, तेव्हा सकच्छ की विकच्छ असा वाद पुण्यामुंबईच्या घराघरांत माजला होता. सासवा रुसल्या, विकच्छ सुनेच्या हातचा स्वयंपाक कुळधर्माला चालेना. त्याच गोल पातळाच्या पाचवारी साडीला आज कोणी नवी म्हणत नाही, आणि त्याच घरातील पणती काष्टा घालू म्हणते तर तिला अडविण्यात येते. सवय म्हणजेच सनातन असे मानण्याकडे मनुष्याचा कल असतो, एवढेच यावरून सिद्ध होते.

आईवडिलांना दाखविता येतील अशी उदाहरणे आपल्याकडे पुष्कळ आहेत. मुंबईचे डबेवाले घ्या. १८९० च्या सुमारास सुरू झालेल्या या धंद्यातील बहुतेक माणसे मुळशी, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यांतील. अंगात सदरा आणि डोक्यास पांढरी टोपी हा त्यांचा रोजचा वेष. गर्दीच्या आगगाडीत आणि मोठमोठ्या कचेऱ्यांच्या दारांत ती टोपी पाहून लोक वाट देतात. मुळशीमावळचा साधा वेष जगभर वाखाणला गेला, तो कोणत्याही मिरवणुकीमुळे नव्हे. तो रोज घालणाऱ्यांनी वेळ पाळली आणि डबा चुकविला नाही म्हणून. एक नूर आदमी, दस नूर कपडा असे म्हणतात खरे. पण येथे आदमीच्या कामाने कपड्याला नूर चढला आहे.

याहून मागे गेले तर गणेश वासुदेव जोशी, म्हणजे पुण्याचे सार्वजनिक काका. त्यांनी १८७२ साली स्वदेशी जाडेभरडे कापड वापरण्याचे व्रत घेतले, आणि १८७७ च्या दिल्ली दरबारात, जेथे राजेरजवाडे हिऱ्यामोत्यांनी लखलखत होते, तेथे सार्वजनिक सभेचा हा प्रतिनिधी त्याच शुभ्र खादीच्या वेषात गेला. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी झाली, तेव्हा महात्मा जोतीराव फुले मुद्दाम गरीब शेतकऱ्याच्या वेषात उपस्थित झाले. हिंदुस्थानची खरी प्रजा या थाटामाटात दिसत नाही, ती खेड्यांत आहे, आणि तिला शिक्षण हवे आहे, हे राणीच्या पुत्रास सांगण्याचे काम भाषणाच्या आधी त्या वेषानेच केले. या दोघांपैकी कोणीही वेष एका दिवसासाठी भाड्याने आणलेला नव्हता. एकाचे ते व्रत होते, आणि दुसऱ्याचे सारे आयुष्य त्या शेतकऱ्याच्या कैवारात गेले होते. म्हणून कोणी हसले नाही.

पुढे १९२० आणि १९२१ च्या असहकाराच्या वावटळीत हाच प्रश्न हजारो घरांत एकदम शिरला. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईस परळला विलायती कपड्यांची मोठी होळी झाली, आणि २२ सप्टेंबरला मदुरेस गांधीजींनी सदरा-टोपी टाकून केवळ पंचा नेसण्याचा निश्चय केला. कॉलेजातील तरुण खादीची टोपी घालून घरी आले. वडील सरकारी नोकरीत असले तर त्या टोपीने भाकरीवरच गदा येण्याचा संभव होता. आईचे दुःख निराळे होते. त्या काळची खादी जाड असे. भिजली म्हणजे ती दुप्पट जड होई, आणि विहिरीवर ती पिळता पिळता आईची आणि बहिणीची मनगटे भरून येत. स्वराज्याचा वेष मुलाने पत्करला, पण त्याचे ओझे घरातील स्त्रियांनी वाहिले. ज्या घरांत मुलगा स्वतःचे कपडे स्वतः धुऊ लागला आणि चरख्यावर बसू लागला, त्या घरांत विरोधाला फारसे निमित्त उरले नाही. १९२५ साली अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला, पोत सुधारत गेले, आणि काही वर्षांत ज्या टोपीबद्दल रुसवेफुगवे झाले होते ती टोपी वडिलांच्याच खुंटीवर दिसू लागली.

या सर्व इतिहासातून आजच्या तरुणास उपयोगी पडेल असे काही मार्गदर्शन मिळते, ते असे.

पहिली गोष्ट, शिकणे घरातूनच सुरू करावे. धोतराच्या निऱ्या कशा घ्याव्या, काष्टा किती ओढावा, सोगा कोठे खोचावा, म्हणजे चालताना पायात येणार नाही, हे पुस्तकात वाचून साधत नाही. आजोबांना विचारावे. आजीला नऊवारीचा ओचा कसा काढतात ते विचारावे. ज्या म्हाताऱ्या माणसाला वर्षानुवर्षे कोणी काही विचारले नाही, त्याला अकस्मात गुरूचे आसन मिळते. आणि एकदा का आजी बाजूस आली, म्हणजे आईचा विरोध निम्मा होतो. नेसणे मात्र पक्के साधल्याखेरीज उंबरठ्याबाहेर पडू नये. रस्त्यात एकदा सुटलेले धोतर दहा व्याख्यानांनी सावरता येत नाही.

दुसरी गोष्ट, खर्च आणि धुणे आपल्या अंगावर घ्यावे. हातमागाचे चांगले कापड स्वस्त नसते. पांढरे कापड रोज धुवावे लागते, खळ करावी लागते, इस्त्री करावी लागते. हे काम आईकडे किंवा पत्नीकडे ढकलणाऱ्या मुलाच्या निष्ठेवर कोणी विश्वास ठेवू नये.

तिसरी गोष्ट, पायरीपायरीने जावे. आधी घरात, मग देवळात आणि बाजारात, मग नातलगांकडे, आणि शेवटी कचेरीत. कचेरीत जाण्यापूर्वी तेथील वरिष्ठांस आदराने विचारून घ्यावे. नोकरी जाईल ही वडिलांची भीती असते. वरिष्ठांची संमती मिळाली आहे असे त्यांस सांगता आले, की ती भीती आपोआप ओसरते. मुदतही मागून घ्यावी. "एक पावसाळा मला नेसू द्या, दसऱ्याला पुन्हा बोलू," असे म्हणणाऱ्या मुलास नाही म्हणणे कठीण जाते. जन्मभराची प्रतिज्ञा ऐकून जे दचकतात, त्यांना चार महिने सोसवतात.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड. आपण धोतर नेसलो म्हणून वडिलांच्या पाटलोणीस गुलामीची खूण म्हणू नये. त्या पाटलोणीत एका पिढीचे कष्ट आहेत. स्वतःचा वेष मिरवण्यासाठी दुसऱ्याचा वेष हिणवणारा मनुष्य कोणत्याही कपड्यात शोभत नाही. तसेच इतिहास फुगवून सांगू नये. आज ज्याला आपण पारंपरिक म्हणतो त्यातील पुष्कळ गोष्टी शेदीडशे वर्षांतल्या आहेत, हे स्कॉटलंडच्या चौकड्यांवरून दिसतेच. "हा पोशाख पुराणकाळापासूनचा आहे" यापेक्षा "हा माझ्या आजोबांचा आहे, तो मला आवडतो आणि मला सोसतो" हे कारण पुरेसे आहे, आणि खरे असल्यामुळे टिकाऊही आहे.

पाचवी गोष्ट, हट्टाची सीमा ओळखावी. फिरत्या यंत्रापाशी सोगा आणि पदर प्राणघातक ठरतात. दुचाकीच्या चाकात पदर अडकून झालेले अपघात सर्वांच्या ऐकिवात आहेत. शिरस्त्राण घालावयाचे तेथे फेट्याचा आग्रह धरणे हे शौर्य नव्हे. अशा ठिकाणी कामाचा वेष घालावा आणि घरी येऊन आपला घालावा. बहिणीच्या लग्नात व्याह्यांपुढे वडिलांनी एखादा दिवस सूट घालण्याची विनंती केली, तर ती मान्य करावी. एका दिवसाने व्रत मोडत नाही, आणि त्या एका दिवसाची आठवण वडील पुढे वर्षभर ठेवतात.

आता दोन शब्द वडीलधाऱ्यांसाठी. मुलाने असा बेत पुढे केला म्हणजे तीन गोष्टी पाहाव्यात. याने त्याच्या शरीरास अपाय होतो काय? त्याच्या चरितार्थास बाध येतो काय? दुसऱ्या कोणास त्याने दुखावले जाते काय? तिन्ही प्रश्नांचे उत्तर नकारार्थी असेल, तर उरतो तो केवळ लोकांच्या हसण्याचा प्रश्न, आणि लोक पंधरा दिवस हसतात, महिनाभर पाहतात, आणि नंतर तो मनुष्य एखाद्या दिवशी दुसऱ्या वेषात दिसला तर "आज हे काय?" म्हणून विचारतात. शिवाय तरुणपणी मनुष्य काही ना काही शोधीत असतोच. तो शोध व्यसनाकडे किंवा कर्जाकडे न वळता आजोबांच्या पेटीकडे वळला, तर त्यात रडण्यासारखे काही नाही. मात्र ज्या बापाला त्या पेटीतील वस्त्र पाहून खरोखर जुने दुःख आठवते, त्याने रागावण्यापेक्षा ते दुःख मुलास सांगावे. कित्येक घरांत जमीन कशी गेली, गाव कोठे बुडाले, मुंबईस पहिले पाऊल कसे पडले, हे मुलांना माहीतच नसते. कारण ते त्यांना कोणी सांगितलेले नसते. धोतराच्या वादातून का होईना, ते एकदा बोलले जाईल.

स्कॉटलंडात तुरुंगाच्या भयाने जो पोशाख छत्तीस वर्षांत रोजच्या जीवनातून नाहीसा झाला, तो पुढे राजाच्या हौसेनेही त्या जीवनात परतला नाही. कारण तो नेसविण्यास शिकविणारी पिढी मधल्या मध्ये सरून गेली होती. आपल्याकडे कायद्याने कोणी बंदी घातलेली नाही. मुळशीच्या खोऱ्यात आजही नऊवारीचा काष्टा मारून आवणीत उतरणाऱ्या म्हाताऱ्या बायका आहेत, आणि खांद्यावर घोंगडी टाकणारे म्हातारे आहेत. त्यांच्यापैकी कोणाच्या नातवाला किंवा नातीला ते रोज नेसावेसे वाटले, तर शिकविणारे माणूस अजून घरात आहे. घरच्यांनी परवानगी देताना एवढे ध्यानात घ्यावे. आणि नातवंडांनी ती मागताना आधी आजीच्या शेजारी जाऊन बसावे.